जुनी युरोपियन गाडी घ्यायचीय? आधी तिचे आजार पाठ करा

माझी पहिली जुनी जर्मन गाडी घेतल्यापासून अकराव्या दिवशी चढावर उभी राहिली. बॉनेटखालून वाफ, खाली हिरवट पाण्याचं थारोळं. वरचा रबरी पाइप ओढला तर त्याच्यासोबत रेडिएटरची प्लॅस्टिकची मानही हातात आली. बोटांनी दाबली आणि वाळक्या पानासारखा तिचा चुरा झाला. फोनवर मी मेकॅनिकला "गाडी तापली" एवढंच सांगितलं होतं. पलीकडून प्रश्न आला, "मान तुटली ना?" तो आला तेव्हा नवा रेडिएटर बरोबर घेऊनच आला. दोन तासांत मी पुन्हा रस्त्यावर होतो.

मला राग आला तो स्वतःचा. त्या मॉडेलचा रेडिएटर आणि वॉटर पंप ठरावीक वर्षांनी जातातच, हे तिच्या प्रत्येक जुन्या मालकाला ठाऊक होतं. घेण्याआधी मीच कुणाला विचारलं नव्हतं. तेव्हापासून कुणी "कुठली जुनी युरोपियन गाडी घेऊ?" असं विचारलं की मी सांगतो, जिचे आजार सगळ्या गावाला माहीत आहेत आणि ज्यांचं औषध सहज मिळतं, ती घ्या. वीस-तीस वर्षांची निरोगी गाडी शोधत बसाल तर शोधतच राहाल. पुढे जे लिहिलंय ते पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी, आणि शक्यतो याच क्रमाने करावं.

पहिली पायरी: गाडीच्या आधी मेकॅनिक

बहुतेक जण गाडी घेतात आणि मग ती कोण दुरुस्त करेल ते शोधतात. हे उलटं करा. तुमच्या आवाक्यात कोणता मेकॅनिक कोणत्या कंपनीच्या जुन्या गाड्यांवर रोज हात मारतो, ते आधी पाहा. त्याच्या गॅरेजात एकाच जातीच्या तीन-चार गाड्या उभ्या दिसल्या तर तुमचा निम्मा निर्णय तिथेच झाला. त्याला विचारा, "यातली तुम्ही स्वतःसाठी कोणती घ्याल?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "कोणती दारात आली तर परत पाठवाल?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं असतं.

मग सुट्या भागांची परीक्षा. मनात धरलेल्या गाडीचे पाच भाग शोधून पाहा: वॉटर पंप, पुढच्या चाकाचा खालचा आर्म, हेडलाइट, दाराच्या काचेची यंत्रणा आणि इंजिनाचा कंट्रोल युनिट, म्हणजे त्याचा छोटा संगणक. पहिले दोन बहुतेक गाड्यांचे मिळतात. गाडं अडतं ते शेवटच्या तिघांवर. साब कंपनी २०११ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली. तिच्या गाड्यांचे इंजिन-ब्रेकचे भाग त्यानंतरही मिळत राहिले, पण आतलं प्लॅस्टिक आणि इलेक्ट्रॉनिक युनिट यांसाठी अनेकदा भंगारात गेलेल्या गाड्याच धुंडाळाव्या लागतात. गाडी सुंदर, मान्य. पण पहिलीच म्हणून मी ती सुचवणार नाही.

इथे एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. युरोपियन गाडीचे बरेच भाग गाडीची कंपनी स्वतः बनवतच नाही. सस्पेन्शनचे जोड लेमफर्डर बनवते, शॉक अब्सॉर्बर आणि क्लच साक्स, ब्रेक आटे (ATE), फिल्टर मान (Mann) किंवा माले (Mahle), आणि विजेचं व इंधनाचं बरंचसं सामान बॉश. तोच भाग गाडीच्या कंपनीच्या डब्यातून महाग आणि बनवणाऱ्याच्या डब्यातून स्वस्त मिळतो. कधीकधी तर भागावरचं गाडीच्या कंपनीचं चिन्ह घासून काढल्याची खूणही दिसते. म्हणून भागाचा मूळ क्रमांक शोधायला शिका. तो एकदा हाती आला की सोबत कोणत्या कंपन्यांचे पर्यायी क्रमांक चालतात तेही कळतं, आणि दुकानदाराच्या "हेच बसतं" वर विसंबून राहावं लागत नाही.

दुसरी पायरी: किती जुनी?

ढोबळ तीन पिढ्या धरा. १९८० च्या दशकातल्या गाड्या बव्हंशी यांत्रिक आहेत. बॉशच्या के-जेट्रॉनिकसारख्या इंधनप्रणालीत संगणक जवळजवळ नाहीच, सगळा खेळ दाबाचा. नीट लावलेली असेल तर ती वर्षानुवर्षं चालते, पण ती लावता येणारे हात आता कमी राहिलेत. २००५ नंतरच्या गाड्यांत थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणी, डिझेलमध्ये काजळीचा फिल्टर, आणि खिडकीपासून आरशापर्यंत प्रत्येक गोष्टीला वेगळा कंट्रोल युनिट. यातल्या काही उत्तम आहेत, पण बिघाड झाला तर पाना-पक्कडवाल्याच्या हाती फारसं काही उरत नाही.

माझा कल मधल्या पिढीकडे, साधारण १९९० ते २००३. इंधनाची फवारणी संगणकाच्या ताब्यात असल्याने थंडीत गाडी चटकन सुरू होते, गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा वापर वाढलेला असतो आणि बॉनेट उघडलं की हात घालायला जागा असते. युरोपात २००१ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना प्रमाणित डायग्नोस्टिक सॉकेट (बिघाड वाचायला स्कॅनर जोडायची जागा) सक्तीचं झालं, डिझेलला त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. म्हणजे या काळाच्या शेवटाकडची गाडी साध्या स्कॅनरशीही बोलते.

याच काळातला एक खड्डा मात्र लक्षात ठेवा. साधारण १९९२ ते १९९५ च्या मर्सिडीज गाड्यांतल्या इंजिनाच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडतं. तांबं उघडं पडतं आणि मग गाडी मिस मारते, मध्येच बंद पडते, उगाचच काहीही करते. व्होल्वोच्या १९८७ पर्यंतच्या गाड्यांची अशीच तक्रार आहे. पाहायला गेलात तर इंजिनाजवळची एखादी वायर हळूच वाकवून बघा. आवरणाला भेगा पडल्या तर नवं वायरिंग टाकलेलं नाही. टाकलेलं असेल तर तीच गाडी इतरांपेक्षा चांगली खरेदी ठरू शकते, कारण तिचं मोठं ऑपरेशन आधीच झालेलं असतं.

तिसरी पायरी: नाव विसरा, इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडी बघा

"गोल्फ चांगली की वाईट?" या प्रश्नाला अर्थ नाही. एकाच मॉडेलात एक इंजिन तीन मालक पुरवून उरतं आणि दुसरं पहिल्यालाच रडवतं. इंजिनाचा कोड पाहायची सवय लावून घ्या.

व्होल्वो २४० ही १९७४ ते १९९३ अशी जवळपास वीस वर्षं बनली. तिच्यातलं लाल रंगवलेलं लोखंडी ब्लॉकचं चार सिलिंडरांचं इंजिन, ज्याला सगळे रेडब्लॉक म्हणतात, शिकाऊ माणसाला वरदान आहे. आठ व्हॉल्व्हच्या बहुतेक रेडब्लॉकमध्ये टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची लय जुळवणारा पट्टा) तुटला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत. नवा बेल्ट घालायचा, टायमिंग लावायचं, निघायचं. नंतरच्या ७४० आणि ९४० मध्येही याच घराण्याची इंजिनं आहेत. १९९१ मध्ये आलेल्या ८५० चं पाच सिलिंडरांचं इंजिनही टिकाऊ, पण तिथे बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतातच. त्यात आणखी एक खोड आहे. क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातली हवा बाहेर काढणारी वाट तेलाच्या गाळाने तुंबते आणि आतला दाब सील फोडून तेल बाहेर काढतो. इंजिन गरम आणि सुरू असताना डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) थोडी वर ओढा. नळीतून धूर फुसफुसत बाहेर आला तर ही वाट तुंबलेली आहे.

मर्सिडीजच्या डब्ल्यू१२३ आणि डब्ल्यू१२४ (हे गाड्यांच्या पिढ्यांचे कोड) यांच्या साध्या डिझेल गाड्या टॅक्सीवाल्यांनी अमाप पळवल्या, ते उगाच नाही. टायमिंगला साखळी, यांत्रिक इंधनपंप, आणि वेगाची घाई अजिबात नाही. डब्ल्यू१२३ मध्ये इंजिन बंद करणं आणि दारांचं सेंट्रल लॉक ही दोन्ही कामं हवेच्या पोकळीवर (व्हॅक्यूमवर) चालतात. किल्ली काढूनही इंजिन सुरूच राहिलं तर घाबरू नका, कुठेतरी पातळ नळीला चीर गेलेली असते. अशी गाडी पाहून पळणाऱ्यांमुळे तुम्हाला भाव करायला बरं पडतं. याच कंपनीच्या १९९५ नंतरच्या डब्ल्यू२१० ची इंजिनं चांगली असूनही पत्रा इतका गंजतो की पुढच्या स्प्रिंगची बैठकच सुटू शकते. ती घेणारच असाल तर आधी चाकांच्या कमानीच्या आत टॉर्च मारून पाहा.

फोक्सवॅगनची १९९७ मध्ये आलेली चौथी गोल्फ आणि तिच्याच पायावर उभी असलेली पहिली स्कोडा ऑक्टाव्हिया या नवख्यांसाठी बहुधा सगळ्यात सोप्या. भाग जगभर पसरलेले आहेत आणि पत्रा गॅल्वनाइज्ड. ९० अश्वशक्तीचं १.९ लिटरचं टीडीआय डिझेल जुन्या धाटणीच्या पंपावर चालतं आणि नेमाने बेल्ट बदलला तर फार कमी मागतं. १००, ११५ किंवा १३० अश्वशक्तीचं असेल तर ते प्रत्येक सिलिंडरला वेगळा पंप असलेलं, 'पुम्पेड्यूझे' जातीचं. तेही दमदार, पण त्याचा कॅमशाफ्ट चुकीच्या तेलावर झिजतो. फोक्सवॅगनच्या ५०५.०१ प्रमाणाचं तेल आणि जुनी बिलं, या दोन गोष्टी त्याच्या मालकाला विचारायच्याच.

बीएमडब्ल्यूची मोह घालणारी बाजू म्हणजे सरळ सहा सिलिंडर. ई३६ आणि ई४६ (३ सिरीजच्या दोन पिढ्या) मधली ही इंजिनं आतून भक्कम आहेत. त्यांना मारतं ते बाहेरचं प्लॅस्टिक: रेडिएटरची मान, एक्स्पान्शन टँक, थर्मोस्टॅटचं घर, काही वॉटर पंपांचं पातं. एकदा तापली की इंजिनाचा वरचा ॲल्युमिनियमचा भाग, म्हणजे हेड, वाकडं होतं. म्हणून कूलिंगचा सगळा संच काही वर्षांनी एकदम बदलायचा, एकेक भाग फुटायची वाट पाहायची नाही. ई४६ मध्ये शिवाय मागच्या ॲक्सलची चौकट जिथे बसते तिथल्या पत्र्याला तडे जातात, आणि ते गाडी उचलल्याशिवाय दिसत नाहीत. जुन्या ई३० मधल्या एम२० या सहा सिलिंडर इंजिनाला टायमिंगचा बेल्ट आहे, साखळी नाही. तो कधी बदलला याचा कागद नसेल तर बदललेलाच नाही असं धरून चालायचं.

फ्रेंच गाड्यांना लोक उगीच नाकं मुरडतात. प्यूजो-सिट्रोएनचं एक्सयूडी डिझेल, तेच १.९ लिटरचं, साधेपणात कुणालाही हार जाणार नाही. सिट्रोएनच्या हायड्रोन्यूमॅटिक (स्प्रिंगऐवजी तेल आणि वायूवर चालणाऱ्या) सस्पेन्शनचीही भीती निम्मी ऐकीव आहे. नायट्रोजन भरलेले गोळे काळाने दाब गमावतात, गाडी कडक होते, गोळे स्क्रूसारखे फिरवून बदलायचे. फक्त बहुतेक जुन्या गाड्यांत एलएचएम हे हिरवं खनिज तेल लागतं. त्यात ब्रेकचं नेहमीचं तेल ओतलं की सगळी रबरी सीलं फुगून बसतात. इटालियनांत फियाटचं १९८५ मध्ये आलेलं छोटं फायर इंजिन आठ व्हॉल्व्हच्या रूपात इतकं सरळ आहे की त्यावर हात शिकता येतो.

पहिल्या खरेदीत काय टाळावं, ते मी थोडक्यात सांगतो, कारण इथे वाद घालण्यात अर्थ नाही. हवेवरचं सस्पेन्शन, आठ किंवा जास्त सिलिंडर, मर्सिडीज डब्ल्यू२११ च्या सुरुवातीच्या गाड्यांतले विजेवर चालणारे एसबीसी ब्रेक, फोक्सवॅगन गटाचा सात गिअरांचा कोरड्या क्लचचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, बीएमडब्ल्यूचं एन४७ डिझेल, ज्याची टायमिंग साखळी इंजिनाच्या मागच्या बाजूला आहे आणि तिथे पोचायचं तर इंजिन उतरवावं लागतं. महागड्या गाडीची किंमत पडते तशी तिच्या भागांची पडत नाही. नवीन असताना श्रीमंताची होती, ती आजही श्रीमंताचंच बिल काढते.

चौथी पायरी: पाहणी, आणि तीही थंड इंजिनावर

मालकाला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचलात की आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर काहीतरी लपवायचं असू शकतं. निदान पुन्हा एकदा सकाळी यायला हवं एवढं नक्की.

थंड असतानाच रेडिएटरचा वरचा जाड पाइप दाबून पाहा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा पाइप मऊ लागायला हवा. तो फुगलेला आणि कडक असेल तर सिलिंडरमधला वायू हेड गॅस्केटमधून (हेडखालच्या सीलमधून) पाण्यात शिरतोय अशी दाट शंका घ्या. टाकीचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघा. इंजिन ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढुरका फेस दिसला तर लगेच पळू नका, लहान-लहान फेऱ्या मारणाऱ्या गाडीत बाष्पाने तसं होतं. डिपस्टिकवरही तोच रंग आला तर मात्र नमस्कार करून निघा.

आता सुरू करा, आणि तुम्ही आत बसू नका, मागे उभे राहा. सुरुवातीचा एक निळा झोत आणि मग स्वच्छ, म्हणजे व्हॉल्व्हची सीलं झिजलीत, जगण्यासारखा आजार. उतारावरून पाय उचलून आल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच निळा धूर, तरी तेच. पण वेग घेताना सतत निळा असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. गरम झाल्यावरही पांढरा आणि गोडसर वासाचा राहिला तर कूलंट जळतंय.

इंजिन गरम होईपर्यंत पत्रा बघा. जुन्या गाडीत खरी किंमत पत्र्याची. इंजिन बदलता येतं, पण कुजलेली चौकट जोडून देणारा कारागीर मिळणं अवघड आणि तो मिळाला तरी हिशोब बसत नाही. जॅक लावायच्या जागा, दारांखालच्या पट्ट्या, मागच्या चाकांच्या कमानी, स्टेपनीची खोबण, बॅटरीखालचा ताट. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक सोबत ठेवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुटी) भरलेली आहे. रंगावर फोड दिसला की समजा, बाहेर दिसतोय त्याच्या कितीतरी पट आत खाल्लेलं असतं.

मग गालिचा उचला. हे कुणी करत नाही, आणि मी तर एकदा याच्यामुळेच वाचलो. पुढच्या काचेखाली, बॅटरीच्या बाजूला पाणी निघून जायच्या वाटा असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या पानांनी बुजतात. पाणी मग आत, पायाखाली उतरतं. १९९० च्या दशकातल्या पासाट आणि ऑडी ए४ मध्ये नेमकं तिथेच, गालिच्याखाली, खिडक्या-दारं सांभाळणारा कंट्रोल युनिट बसवलेला आहे. मी पाहत असलेल्या गाडीच्या खिडक्या आपोआप खाली जात होत्या. मालक म्हणाला, "स्विच थोडा चिकटतोय." गालिच्याखालचा फोम मुठीत दाबला तर पाणी ठिबकलं.

कागदाशी चेसिस क्रमांक जुळवताना काचाही वाचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचं चिन्ह आणि वर्षाची खूण असते. एकच काच वेगळी असेल तर कधीतरी फुटलेली. एका बाजूच्या दोन काचा, हेडलाइट आणि बाजूचा सीटबेल्ट, सगळंच बाकीच्यांपेक्षा नवं असेल तर मोठी धडक बसलेली. टायरच्या कडेवरचे चार आकडे पाहा: ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. टायरची नक्षी भरपूर दिसते पण टायर वर्षानुवर्षं जुने आहेत, म्हणजे गाडी फार काळ नुसती उभी होती. आणि उभी गाडी धावलेल्या गाडीपेक्षा वाईट. सीलं सुकतात, ब्रेक जाम होतात, टाकीत पाणी साचतं. म्हणून मीटरवरच्या कमी किलोमीटरवर भाळू नका. पायाखालच्या पेडलचं रबर, चालकाच्या सीटची बाहेरची कड आणि स्टीअरिंगची चकाकी यांच्याशी तो आकडा जुळतो का ते ताडून पाहा. मीटर मागे फिरवता येतो, रबर नाही.

सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यांपेक्षा भाग लिहिलेली बिलं मोलाची. शिक्का सांगतो गाडी आली होती, बिल सांगतं काय बदललं. तेलाचे डाग पडलेली, कोपरे दुमडलेली बिलांची फाइल ज्याने जपून ठेवली, त्याच्याकडून मी जास्त किलोमीटरची गाडीही आनंदाने घेईन.

चालवताना रेडिओ बंद ठेवा आणि बोलणाऱ्या मालकाला नम्रपणे गप्प करा. गतिरोधकावरून एकेक चाक वेगवेगळं न्या, ठक्क आवाज आला तर बुश किंवा बॉल जॉइंट, ते किरकोळच. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून पार्कमधून ड्राइव्ह आणि मग रिव्हर्स लावा. सेकंदभरात हलकीशी ओढ जाणवली पाहिजे. गिअर बदलताना इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मागे राहते असं झालं तर व्यवहार तिथेच संपवा. "या गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर चालतं" असं मालक म्हणेल, त्याच्या पुस्तिकेतही तसं छापलेलं असेल. अनेक युरोपियन गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला तेल बदला म्हणते. मॅन्युअल डिझेलमध्ये क्लच दाबल्या-सोडल्यावर खडखडाट कमी-जास्त होत असेल तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाची थरथर शोषणारं दुहेरी चाक) गेलेलं आहे, आणि ते क्लचपेक्षा महाग पडतं.

शेवटी स्कॅनर लावा. चुकांची यादी पूर्ण कोरी असेल आणि गाडी स्वतः करत असलेल्या तपासण्यांची खूण "अपूर्ण" दाखवत असेल, तर काल-परवा कुणीतरी पाटी पुसली आहे. गाडी रॅम्पवर चढवून तुमच्या मेकॅनिकला खालून दाखवा. त्याला त्याची मजुरी द्या, फुकटात पाहायला लावू नका. मालक रॅम्पला नाही म्हणाला तर पुढची गाडी बघायला लागा.

पाचवी पायरी: भाव, थोडक्यात

सगळे पैसे गाडीत घालू नका. तुमच्याकडच्या रकमेचा किमान चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला राहील अशीच गाडी निवडा. भाव करताना भावना बाजूला ठेवून सापडलेल्या कामांची यादी कागदावर मांडा आणि त्या कामांचा खर्च वजा करायला सांगा. ओळखीच्या आजारांचा फायदा इथे होतो. काय लागणार ते दोघांनाही माहीत असतं, वाद लांबत नाही.

सहावी पायरी: पहिला महिना

टायमिंग बेल्ट असलेली गाडी असेल आणि बिल नसेल तर पहिला प्रवास घरापासून गॅरेजापर्यंत. बेल्टसोबत टेन्शनर, रोलर आणि बेल्टवर फिरणारा वॉटर पंप एकदमच बदला. पंप नंतर गळला तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. बेल्टचं वय किलोमीटरइतकंच मोजा. कमी फिरलेला दहा वर्षांचा बेल्टही जुनाच. बदलल्यावर तारीख आणि मीटरचा आकडा लिहून बॉनेटखाली चिकटवा.

नंतर सगळे द्रव. इंजिन ऑइल पुस्तिकेत छापलेल्या प्रमाणाचं, नुसतं "चांगल्या कंपनीचं" नको. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि मागच्या मालकाने ते केलेलं नसतंच. कूलंट पूर्ण काढून, धुऊन नवं भरा, वरून कुठलंही ओतू नका. फोक्सवॅगनच्या गाड्यांत जुनं निळं जी११ आणि लाल जी१२ एकत्र झालं की तपकिरी गाळ होतो आणि हीटरच्या बारीक नळ्या बुजतात. पेट्रोल गाडी असेल तर इंधनाचे रबरी पाइपही बदलून घ्या. आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलसाठी ते जुनं रबर बनलेलंच नव्हतं. गरम इंजिनावर ठिबकणारं पेट्रोल हा एकच बिघाड असा आहे की त्यासाठी मी थांबायला सांगणार नाही, त्याच दिवशी करा.

एक वही घाला. प्रत्येक भरलेलं इंधन, वाढवलेलं तेल, बदललेला भाग आणि त्याचा क्रमांक त्यात उतरवा. नव्या तेलावर पहिले हजार किलोमीटर झाले की सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पाहा आणि किती उतरलं ते लिहा. लांबच्या प्रवासाला डिकीत तेलाचा डबा लागणार की नाही, ते त्या एका नोंदीवर ठरवता येतं.